म्हातारीचं पान

आमच्या आत्याला जिंकायची भारी हौस, पण टोळीतलं एक माणूस कमी करून जिंकायला ती मरेपर्यंत तयार झाली नाही.

टोळी म्हणजे मोबाईलमधली. मी पत्त्यांचा खेळ बनवत होतो, ऊसतोडीचा. दहा साध्या पानांची टोळी घेऊन सुरुवात करायची, दर फेरीला नवं पान घ्यायचं, कुचकामी पान काढून टाकायचं आणि शेवटचा फड, म्हणजे उसाचं शेवटचं शेत, ठरलेल्या मोळ्या भरून तोडून संपवायचा. पाथर्डीकडून दरसाल ऊस तोडायला जाऊन आत्याचे गुडघे गेले, म्हणून ती केडगावात आमच्याकडे राहायला आली होती. माझी पहिली खेळाडू तीच.

मी दांडगी पानं बनवली की सगळे तेवढीच घेत आणि खेळातली गंमत जाई. आकडे कमीजास्त करून माझं डोकं पिकलं. आत्या बघून म्हणाली, "नुसते तगडे गडी भरलेस रं. भाकरी कोन थापील?" तगड्या गड्याला भाकरीचं पान सक्तीचं केलं आणि तोल साधला. इंजिनीअर मी, अक्कल तिची.

कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीवर, पोरं सांभाळणारी म्हातारी हे सगळ्यात हलकं पान. उसाची एक मोळी देणार, बस्स. शहाणा खेळाडू तिला पहिल्यांदा काढतो. आत्या ठेवायची आणि शेवटच्या फडात हरायची.

"काढ की गं तिला," मी वैतागायचो.

"मंग पोरं कुनाच्या जिवावर टाकू? तुझ्या?"

एकदा मला राहवलं नाही. गुपचूप म्हातारीच्या पाच मोळ्या केल्या. आत्या जिंकली, हरखली, मग पान निरखून तिनं फोन माझ्याकडे सरकवला. "ही जीत माझी न्हाई. हुती तशी कर." दोन दिवस तिनं खेळाला हात लावला नाही. मी मुकाट्यानं पुन्हा एक मोळी केली.

पुढं तिला दवाखान्यात ठेवलं, तिथंही डाव चालूच. त्या दुपारी म्हणाली, "एवढी सलाईन सरू दे, मंग संपवते." सलाईन सरायच्या आत आत्या गेली.

तेराव्यानंतर तिचा फोन उघडला. शेवटचा फड, एक मोळी कमी, एकच पान उचलायचं बाकी. खेळ माझा, त्यामुळे पुढचं पान मला आधी पाहता येतं. पाहिलं आणि ढसाढसा रडलो.

म्हातारी होती.

फोन मी रोज चार्ज करतो. पान उचललेलं नाही. तो डाव आत्याचा आहे.