डाव्या दारावरचा ओघळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या घरात मला साधं पोट बिघडलेलं लपवता येत नाही, तेव्हा या वाक्याचं वजन तुमच्या लक्षात येईल. पण हे लपलं. वर्षानुवर्षं लपलं. तुम्हाला सांगतोय ते एवढ्यासाठीच, की तुम्ही आमच्यापैकी कुणाला ओळखत नाही आणि आमच्याकडच्या कुठल्या कार्याला जेवायला येणार नाही.

आधी माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली — आमच्या भावकीत मी पारखी म्हणून प्रसिद्ध आहे. कलिंगड वाजवून घेतो, सुरमईचे कल्ले उघडून बघतो, नारळ कानाशी धरून हलवतो. चुलत मेव्हण्याने फ्रीज घेतला तेव्हा मला मुद्दाम बोलावलं होतं. मला फ्रीजमधलं काय कळतं? काही नाही. मी त्याचं दार उघडमीट केलं, रबरावरून बोट फिरवलं, मान डोलावली — आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दुसरी गोष्ट — मी गोष्टी रंगवून सांगतो. पूजा झाली, पंगती उठल्या की कुणीतरी म्हणतंच, "काका, ती सांगा ना!" मग मी पान जुळवत बसतो, नको नको म्हणतो आणि सांगतो.

या दोन गुणांनी मिळून काय केलं, ते आता ऐका.

आम्ही गाडी घेतली. घरातली पहिली. गडद मरून रंगाची — हा रंग मीच निवडला, पांढऱ्या तर सगळ्यांच्याच असतात म्हणून. रत्नागिरीतल्या त्या शोरूममध्ये गाडीवर लाल सॅटिनचं कापड, बाजूला केक, बायकोच्या हातात आरतीचं ताट, मुलगी मोबाइलवर व्हिडिओ काढतेय. कापड ओढलं, टाळ्या वाजल्या. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. पारखी ना मी! पाठीमागे हात बांधून गाडीभोवती फिरलो. बॉनेट छान. उजवी बाजू छान. मागून छान. डावीकडे वळलो — आणि मागच्या डाव्या दाराशी थांबलो.

काचेतून तिरकं ऊन येत होतं. बाकी गाडी आरशासारखी, आणि या दारावर संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत चमक. बोट फिरवलं तर रवा लागावा तसे कण. रंग जरासा काळपट. आणि खाली, अगदी कडेला, रंगाचा एक ओघळ सुकून त्याचा थेंब झालेला. हे फ्रीजचं दार नव्हतं, यातलं मला कळलं. गाडी त्यांच्याच आवारात कुठेतरी घासली होती, त्यांनी घाईघाईने रंग मारला होता आणि वरून पॉलिश चोपडून आमच्यासाठी सजवून ठेवली होती.

मी मान वर केली. टायवाला सेल्समन माझ्याकडेच बघत होता. मी काय बघितलं ते त्याने बघितलं होतं.

"कशी वाटली, सर?"

"फस्क्लास," मी म्हणालो.

का म्हणालो? टाळ्या वाजून गेल्या होत्या म्हणून? निरांजन पेटलेलं होतं म्हणून? खरं सांगायचं तर माझी सगळी पारख मासळीबाजारापुरती आहे. तिथे मी सुरमई परत टोपलीत टाकू शकतो. पण समोरचा टाय घालून आला, एसी लागला, कुणी 'सर' म्हणालं, की माझ्या तोंडाला कुलूप. तेव्हा एवढंच म्हणायचं होतं — हे दार नीट करा, मग नेतो. नाही म्हणालो. केक खाल्ला. दुसरा तुकडासुद्धा मागून घेतला.

तिथपर्यंत हा नुसता भित्रेपणा होता. तेवढ्यावर थांबला असता तर तुम्हाला बसवून सांगण्यासारखं काही नव्हतं.

तिथून आम्ही थेट गावी गेलो, पूर्णगडच्या अलीकडे. गावच्या घरी माझी थोरली वहिनी असते. दादा तेव्हा मुंबईला नोकरीत. घर, आंब्याची कलमं, सणवार सगळं तिच्या अंगावर. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो. माझे डबे तिने भरलेत. गाडी अंगणात शिरली ती तांबड्या धुरळ्याने माखून. वहिनी म्हणाली, अशी मळकी गाडी पुजायची नाय. आत गेली आणि कपडा घेऊन आली — जुन्या सुती लुगड्याचा तुकडा, धुऊन धुऊन सायीसारखा झालेला. असे तुकडे ती ट्रंकेत जपून ठेवते, कुणाच्या घरी बाळ आलं तर दुपट्यांना लागतात म्हणून. त्यातला एक तिने माझ्या गाडीसाठी काढला. तांब्यातल्या पाण्यात बुडवून, पिळून, एकेक दार पुसलं. तान्ह्याचं अंग पुसावं तसं.

मागच्या डाव्या दाराशी तिचा हात थांबला.

"भावोजी, हितं कायतरी खरखरतंय हो."

"धूळ असेल," मी म्हणालो.

"धूळ नाय. आतनं लागतंय."

"नवीन रंग असाच असतो गो वहिनी. चल, नारळ आण."

ती हसली, नारळ आणायला गेली. कपडा मी डिकीत टाकला.

पुढे गणपतीला दादा मुंबईहून आला. तोवर पॉलिश उतरलं होतं. उन्हात ते दार असं दिसायचं, की चालत्या एसटीतल्या माणसालाही कळावं. दादा गाडीभोवती फिरला — पाठीमागे हात बांधून, ही खोड आमच्या घरातलीच — आणि नेमका तिथे थांबला. अंगणात सगळे होते. चुलते, त्यांच्या सुना, शेजारचे आरतीला आलेले.

"काय रे, हे काय? एवढा पारखी तू, बघून नाय घेतलीस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. वहिनी ओटीवर दूर्वा निवडत होती. मी म्हणालो —

"आणली तेव्हा चांगली होती रे. त्या दिवशी वहिनीने पुसली ना..."

बस. एवढंच. वाक्य पुरंही केलं नाही. पुढचं सगळ्यांनी मिळून पुरं केलं. दादा ओटीकडे वळून तिच्यावर ओरडला, कशाने घासलंस ते, भाताचा टोप आहे काय? वहिनी दूर्वांची जुडी हातात घेऊन उठली. तिला सांगता आलं असतं, की मी दाखवलं होतं, मी विचारलं होतं. ती दादाला सोडून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मी जोरात पुसलं काय हो, भावोजी?"

आता बघा, त्या क्षणीसुद्धा वेळ गेलेली नव्हती. मी काय केलं? मी तिला क्षमा केली! मोठ्या मनाने हात हलवून म्हणालो, "जाऊ दे गो, तुला कुठे माहीत असणार?" चुलते म्हणाले, बघा, दीर असावा तर असा.

त्यानंतर माझं जगणं त्या ओघळाच्या हातात गेलं. घासून रंग खरवडला जातो, मंद होतो, हे लोकांना पटतं. पण घासून रंगाचा ओघळ येतो काय? कुणी नुसतं वाकून दाराच्या कडेला बघितलं असतं, तर खेळ संपला होता. म्हणून मी गाडी गडग्याला, आवाराच्या दगडी भिंतीला, चिकटवून लावायला लागलो, डावी बाजू चिऱ्यांकडे. डावीकडची माणसं आधी रस्त्यावर उतरवायची, मग गाडी आत. पावसातसुद्धा. बायको विचारायची, हे काय खूळ? मी म्हणायचो, रिक्षावाले घासून जातात. शोरूमवाल्यांनी पहिल्या सर्व्हिसला ते दार बिनबोभाट करून दिलं असतं. पण दार नीट झालं तर कुणी केलं, का केलं, फुकट कसं केलं? माझी दुसऱ्या कुणी चौकशी केली नाही, तेव्हा मीच ती दिवसरात्र करत होतो. लग्नाला गाडी सजवायची वेळ आली की फुलं लावताना कुणी वाकू नये म्हणून मी स्वतः त्या दाराशी बसून झेंडू चिकटवलेत.

आणि कुणी वाकू नये याचा सगळ्यात पक्का बंदोबस्त कोणता, सांगू? गोष्ट. लोक हसायला लागले की वाकत नाहीत.

पहिल्यांदा सांगितली तेव्हा त्यात नुसता कपडा होता. लोक बेताचे हसले. पुढच्या वेळी मी कपड्याचा काथ्या केला. मग चुलीतली राख आली. मग वहिनी पदर खोचून, पाट घेऊन गाडीपाशी बसली आणि भाताचा टोप घासावा तशी गाडी घासू लागली. मी तिचा आवाज काढायचो, कोपर हलवून दाखवायचो. लोक पोट धरून हसायचे. वहिनीही हसायची, तोंडाला पदर लावून. कुणाकडे नवा टीव्ही आला की पोरं ओरडायची, "मोठ्या काकूंना लांब ठेवा रे!" आणि ती खरंच लांब उभी राहायची. नव्या मिक्सरला हात लावण्याआधी विचारायची, "लावू काय?" हे मी बघत होतो. ही सवय तिला कुणी लावली, ते त्या घरात फक्त मला माहीत होतं.

आता अलीकडचं. तिच्या मुलाला मुलगी झाली. बारशाला सून बाळ घेऊन गावी आली. जेवणं झाल्यावर पोरं माझ्यामागे लागली, नव्या वहिनीला गाडीची गोष्ट सांगा. त्या दिवशी मी म्हटलं, नको रे, जुनी झाली. तर वहिनी म्हणाली, "ऱ्हांवदे, मीच सांगतंय."

आणि तिने सांगितली. काथ्यासकट, राखेसकट, पाटासकट. माझेच शब्द, माझेच थांबे. "मी आपली घासतंय, घासतंय..." लुगड्याचा तुकडा त्यात कुठेच नव्हता. 'भावोजी, हितं खरखरतंय' नव्हतं. ते ती विसरली? की तिला सगळं आठवत होतं आणि माझी गोष्ट ती माझ्यासाठी सांभाळत होती? मला कळलं नाही. अजून कळत नाही. त्या दिवसापासून माझं धड जेवण नाही.

गोष्ट संपली. सगळे हसले. मग तिने सुनेपुढे दोन्ही तळवे धरले आणि हसत हसतच म्हणाली, "हे हात बघ. म्हणून म्हटलं, बाळाला न्हाऊ घालायला बाई लावलीस ता बरा केलंस. माझा हात नको तिच्या कातडीला."

वाडीतल्या निम्म्या पोरांना या बाईने पायावर घेऊन न्हाऊ घातलंय. माझी मुलगी तिच्या पायांवर आंघोळ करता करता झोपून जायची. मी उंबऱ्यात उभा राहून बघितलंय ते.

सून माझ्याकडे बघून हसली. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी हसलो.

गाडी बाहेर गडग्याला लावलेली होती, डावी बाजू चिऱ्यांकडे. रात्री निघताना काचेवर दव साचलं होतं. डिकीतून तो लुगड्याचा तुकडा काढला आणि काच पुसली. तो अजून तितकाच मऊ आहे. वहिनी पायरीवर उभी राहून बघत होती. पुसून झाल्यावर मी त्याची घडी केली आणि परत डिकीत ठेवला.