अस्लमने लपवलेला ताप

मंडळी, आत्ताच इस्पितळातून आलोय. अंगात त्राण नाही, पण लिहितो.

आमच्या नाटे गावचा अस्लम मासेमारी करतो. दोन महिन्यांपूर्वी बाईकवरून पडला, नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. ऑपरेशन करून रॉड घातला. आज रत्नागिरीला तपासणी होती, मीच गाडीने घेऊन गेलो.

बाहेर बाकावर त्याची बायको फोनवर भावाला हळूच सांगत होती, "रोज थंडी वाजून ताप येतो रे. आज गोळी घेऊन आलेत, डॉक्टरला कळू नये म्हणून." माझे कान तिखट.

आत डॉक्टरांनी विचारलं, "ताप वगैरे?"

"छे! ठणठणीत आहे," अस्लम म्हणाला.

"रोज येतो, डॉक्टर," मी बोललो.

वरून सुकलेली जखम त्यांनी दाबली, तर पू आला. पुन्हा ऑपरेशन. आणखी थांबला असता तर पाय गेला असता म्हणे.

अस्लम मला म्हणाला, "शेट, पहिल्या वेळी होडीतला हिस्सा विकला. आता काय विकू, तेही सांगा."

तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल, तर पुढचा खर्च कसा निभावलात ते लिहा. उद्या सकाळी मला त्याच्यासमोर बसायचंय.