पांढऱ्या कानाची तलंग

कोंबडी कोणत्या रंगाचं अंडं देणार, हे ती अंड्यावर यायच्या आधीच सांगता येतं, असं माझ्या बायकोचं म्हणणं होतं. डोळ्याच्या मागे, पिसांच्या कडेला नखाएवढी कातडी असते. ती कोंबडीच्या कानाची पाळी. पाळी पांढरी असेल तर अंडं पांढरं, लाल असेल तर तांबूस. पिसं कोणत्याही रंगाची असोत. मी जन्मभर एसटीत तिकिटं फाडली. कोंबडीला कान असतो हेच मला रिटायर होऊन मेडशीला घरी बसल्यावर कळलं.

"तुमी पिसं पाहता, म्हणून हरता," ती म्हणायची. "आधी कान पाहा."

हरणाऱ्याने सकाळचा चहा करायचा, अशी आमची पैज असे. नवी कोंबडी अंड्यावर यायला लागली की पैज लागायची आणि पुढची कोंबडी येईपर्यंत तिचा निकाल चालायचा. कानाचं गुपित कळल्यावरही मी उलटंच बोलायचो, कारण तिने उजवं म्हटलं की माझ्या तोंडून डावंच निघतं. तो स्वभाव आहे, त्याला औषध नाही. त्यामुळे आमच्या घरी चहा मीच करायचो. ती पलंगावर बसून, आलं कमी पडलं, साखर जास्त झाली, असं तिथूनच सांगायची. मी चिडायचो. तिला ते फार आवडायचं.

शेवटची तलंग तिने मालेगावच्या बाजारातून आणली. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. ठिपक्यांची होती, पायांनी उंच, आणि कान तर चुन्याचं बोट लावल्यासारखा पांढरा. बायको म्हणाली, पांढरं अंडं. मी म्हणालो, तांबूस. विकणाऱ्याने गावरान म्हणून दिली होती, पण थोडी मिसळ आहे हेही तो बोलला होता. मी तेवढंच धरून बसलो. ती हसली आणि म्हणाली, चहाचं पातेलं घासून ठेवा.

तलंग अंड्यावर यायच्या आधीच बायको गेली. ताप आला, तो उतरलाच नाही.

पुण्यानुमोदनाला आलेली माणसं जेवून आपापल्या गावी परतली. मुलगा थोडे दिवस थांबला, मग त्यालाही पुण्याला नोकरीवर जावं लागलं. जाताना म्हणाला, कोंबड्या देऊन टाका आणि माझ्यासोबत चला. बाकीच्या कोंबड्या मी शेजारी दिल्या. तलंग ठेवली. ती एकदा अंड्यावर आली की येतो, असं त्याला सांगितलं. त्याला वाटलं, बाप वेळ काढतोय. काढतच होतो. कोंबडं झाकून ठेवल्याने उजाडायचं थांबत नाही, एवढं मलाही कळतं.

पण खरी गोष्ट वेगळी होती. मला ही पैज हरायची होती. तिचं शेवटचं म्हणणं खरं निघावं, एवढंच मला हवं होतं. शिवाय चहाचाही हिशोब होता. सकाळी उठून मी एकट्यापुरतं आधण ठेवायचो, ते आधीच्या पैजेतला हरलेला म्हणून. त्याला कारण होतं. घरात बोलायला कुणी नाही, पण गॅस पेटवताना आपण कुणाचं तरी ऐकतोय असं वाटायचं.

एकटी पडलेली तलंग खुराड्यात राहीना. दिवसभर माझ्या पायांत घोटाळायची. भाकरी खायला बसलो की समोर येऊन मान वाकडी करून पाहायची. मी तिच्यावर खेकसायचो. नंतर लक्षात आलं, दिवसाकाठी आपण तोंड उघडतो ते हिच्यावर ओरडायलाच. मग ओरडणं कमी केलं नाही, उलट वाढवलं.

तिचा तुरा लाल व्हायला लागला. पाठीवर हात ठेवला की खाली बसायची. कोपरे धुंडाळत फिरायची, पोत्यांमागे जायची, परत यायची. बायकोने हे सगळं मला सांगितलं होतं. आता दिवस भरले, असं ती म्हणाली असती. मी खुराड्यात नवं गवत टाकलं. रोज सकाळी तिला धरून कान बघायचो. पांढराच होता. तेवढ्याने मला बरं वाटायचं.

अंडं तिने गवतात दिलंच नाही. दाराजवळ माझं मोटारसायकलचं हेल्मेट उलटं पडलेलं असतं. एका सकाळी ती त्यात जाऊन बसली, बराच वेळ उठली नाही, मग बाहेर येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली. मी चष्मा लावला आणि हेल्मेट उचललं. आत छोटंसं अंडं होतं, कोमट. रंग दूध जास्त झालेल्या चहासारखा.

दारात उजेडात नेऊन पाहिलं. अंगठ्याने पुसून पाहिलं. तांबूसच होतं. कोंबडीला धरून कान पाहिला, तो मात्र पांढराच होता. मला राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. कोंबडीचा नव्हता.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. मी सांगितलं, अंडं दिलं.

"दिलं ना? मंग कधी येता, बाबा?"

बघू म्हणालो. अंडं कोणत्या रंगाचं, हे त्याने विचारलं नाही. त्याने का विचारावं? पैज आमची दोघांचीच होती. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा जिंकलो होतो आणि हे सांगावं असं एकच माणूस होतं. ती खोटं बोलता म्हणाली असती, कोंबडी बदलली म्हणाली असती, कान पुन्हा पाहा म्हणाली असती. मग कुरकुरत उठली असती.

अंडं हेल्मेटमध्येच ठेवलं. बराच वेळ पलंगावर बसून राहिलो, तिच्या जागेवर. आता चहा मी करायचा नव्हता. नियमाने तो मला आयता मिळायचा होता. ऊन उंबऱ्याच्या आत आलं तरी कुणी गॅस पेटवला नाही. शेवटी मीच उठलो आणि एका कपाचं आधण ठेवलं.