‘सोड’ म्हणणारे घोरपडे सर

इंग्लंडमधल्या स्लाऊजवळच्या नव्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या आमच्या शाळेच्या शाखेला रग्बीचे मैदान मिळणार, हे नक्की झाले आहे. कौन्सिलची परवानगी आल्याचे मुख्याध्यापकांनी गेल्या आठवड्यात स्वतः फोन करून सांगितले. घोरपडे सरांच्या साठीला याहून चांगला आहेर आम्हा सहकाऱ्यांना सुचला नसता. अर्थात, तो त्यांनीच मिळवलेला आहे.

सरांशी माझी ओळख जुन्या शाळेच्या मैदानावर झाली. शाळेच्या वार्तापत्राचे काम मी नुकतेच हाती घेतले होते. भूगोलाचे एक मराठी शिक्षक रग्बीही शिकवतात, एवढेच ऐकून होतो. सामना चालू होता. पुण्याहून नुकताच आलेला ओंकार प्रतिस्पर्ध्याला सुरेख पाडायचा आणि घट्ट धरून ठेवायचा. रग्बीत पाडलेल्याला लगेच सोडावे लागते, त्यामुळे दर वेळी त्याच्याविरुद्ध शिट्टी.

“अरे सोड त्याला, सोड! ही कबड्डी नाही!” सर ओरडले.

“पण सर, पकड सुटली तर पॉइंट जातो ना?”

“तिकडे! इथे धरून बसलास तर जातो!”

पुढे संघातली इंग्रज मुलेही एकमेकांना ‘सोड!’ म्हणू लागली. एका रेफरींनी तर खेळ थांबवून सगळ्या संघाला भाषेबद्दल ताकीद दिली, कारण इंग्रजीत तसाच ऐकू येणारा शब्द शिवी म्हणून वापरतात. सरांनी शांतपणे अर्थ समजावला. रेफरी हसले, ताकीद मात्र कायम राहिली.

ओंकारच्या आई या खेळाला फार घाबरत. सरांनी त्यांना प्रत्येक सामन्यात शेजारी उभे करून नियम समजावले. आता रेफरींशी वाद त्याच घालतात.

नव्या शाखेच्या पहिल्या आराखड्यात मैदानाच्या जागी कार पार्क होता. मुलांना खेळायला बसने जुन्या शाळेत आणायचे ठरत होते. अशाने लहान मुले हळूहळू येईनाशी होतात, हे सरांनी पाहिलेले होते. “मैदान नसेल तर ती शाळा नाही, नुसत्या खोल्या,” असे विश्वस्तांना सांगून त्यांनी आराखडा बदलून घेतला. मग शेजारच्या रहिवाशांनी हरकत घेतली.

“अहो, मुलांना दिवसभर सोड सोड सांगता आणि स्वतः मात्र धरून बसलाय!” सरांच्या पत्नी शुभदाताई म्हणाल्या.

“अगं, पाडल्यावर सोडायचं असतं. अजून कुठं पडलंय?”

रहिवाशांच्या सभेत एक आजी उठल्या. “तुमची मुलं शिव्या देतात. नातवाच्या मॅचला मी स्वतः ऐकलंय.”

“ती शिवी नाही, बाई,” सर म्हणाले. “पडलेल्याला धरून ठेवू नकोस, असं ती एकमेकांना सांगतात.”

हॉल हसला. आजी हसल्या नाहीत. “मग म्हणू देत. पण रविवारी सकाळी नको.”

रविवार सकाळ सरांनी तिथेच मोकळी करून दिली. हरकत मागे घेण्याची सुरुवात त्या आजींनीच केली.

या उन्हाळ्यात सर वर्गातून निवृत्त होत आहेत. सप्टेंबरमध्ये नव्या मैदानावर पहिला सामना होईल आणि पहिली शिट्टी त्यांनीच वाजवावी, असा मुलांचा आग्रह आहे. सरांची प्रकृती ठणठणीत राहो, गुडघे कुरकुर न करोत आणि आवाज असाच खणखणीत राहो. मुलांना त्यांनी खुशाल ‘सोड’ म्हणावे. मैदान मात्र त्यांनी स्वतः एवढ्यात सोडू नये.