रावजीदाजींचा एकर

सांगवीचे रावजी माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, फुलाअक्काचे, नवरे. या माणसाला मी सोळा वर्षांत एका जागी बसलेलं पाहिलं नाही. जेवतानासुद्धा भाकरी हातात घेऊन दारात उभे. पाहुणा आला की त्याला घोंगडीवर बसवायचं आणि आपण अंगणात येरझाऱ्या घालत बोलायचं. दुपारी सगळं गाव लिंबाखाली आडवं व्हायचं, तेव्हा हे नीरेच्या काठानं एकटेच चालत सुटायचे. सुरुवातीला मला याचं हसू यायचं. पुढं पुढं राग यायला लागला, कारण अक्का काळजीनं वाळत चालली होती.

पहिल्या लढाईत दाजी सफरमैना पलटणीत होते. फ्रान्सात खंदक खणताना जर्मनांच्या हाती लागले आणि पाच वर्षं जर्मनीत कैदेत अडकले. त्यातली दोन वर्षं एका म्हाताऱ्याच्या शेतात राबले. परत आले तेव्हा ट्रंकेत एक फाटकं ब्लँकेट होतं आणि तोंडात एक शब्द. आकर. तो म्हातारा नांगरलेल्या मातीवर हात थोपटून म्हणायचा, आकर. "आपला एकर त्योच ह्यो," असं दाजी भेटेल त्याला सांगायचे. गावानं पहिल्या वर्षी ऐकून घेतलं, दुसऱ्या वर्षी हसून घेतलं, आणि तिसऱ्या वर्षी त्यांचं नाव जर्मन रावजी पडलं ते पडलंच.

खरं सांगायचं तर मीही हसणाऱ्यांतलाच. मी बावड्याचा, मोजणी खात्यात साखळी ओढायच्या कामाला. तेहतीस फुटांची साखळी, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. एकर सरकारनं आणला आणि माझ्या साखळीनं मोजला. त्यात हा जर्मन म्हातारा कुठून उपटला? मी एकदा हे तोंडावर बोललो. दाजी चालता चालता थांबले.

"झुंबर, पाच वर्सं गेली माजी. तितनं काय आनलं म्हनून कुनी इचारलं तर दावायला ह्यो येक शब्द हाय. त्योबी खोटा निघाला, तर मी तितं जगलो कशापायी?"



शेवटी छत्तीस सालच्या फाल्गुनात अक्कानं माझ्यामागं लकडा लावला. "बारामतीला कुनी शिकल्याला मास्तर बघ. खरं-खोटं काय ते त्यान्ला येकदा कळू दे. मंजी तरी बसत्याल." म्हणून मी त्यांना खासनीस मास्तरांकडं घेऊन गेलो. मास्तर इंग्रजी शिकवायचे आणि शब्दांची कुळं धुंडाळायचा त्यांना नाद होता. त्यांनी उशीएवढा जाड कोश काढला आणि बराच वेळ पानं उलटली. दाजी अर्थातच उभे.

"रावजीराव, तुमचा म्हातारा खोटं बोलत नव्हता," मास्तर म्हणाले. "जर्मनांचा आकर, हॉलंडचा आकर, स्वीडनचा ओकर, इंग्रजांचा एकर, ही सगळी एका घरची भावंडं. मूळ अर्थ नांगराखालचं शेत. आपल्या संस्कृतातही अज्र आहे, तोही याच गोतातला. अज् म्हणजे हाकणं. जिथं गुरं हाकायची ती जागा, असं पंडित म्हणतात."

"आणि माप?" मी विचारलं. मला साखळीची काळजी.

"माप नंतरचं. जुन्या इंग्लंडात सकाळी जुंपलेली जोडी सुटेपर्यंत जेवढं नांगरून होईल, तेवढा एकर. काठ्या-साखळ्या पुढं आल्या."

मला वाटलं, झालं, आता हा माणूस शांत होईल. कसलं काय! सांगवीपर्यंत दाजी माझ्यापुढं वीस पावलं चालत होते. वेशीत वळून म्हणाले, "उद्या साखळी घिऊन शेतावर ये. आपल्या जोडीनं येका दिसात येक एकर नांगरून दावतो. मग बगू कोन हसतंय."

जोडी आमच्या घरची होती. हरण्या आणि गुलब्या, दोन्ही वासरं असताना आमच्या वडिलांनी अक्काला दिलेली. हरण्याला आता अकरावं वर्ष लागलं होतं. काळ्या रानात लाकडी नांगरानं दिवसाला अर्धा एकर झाला तरी माणूस मिशीला पीळ देतो. अक्कानं हे सगळं सांगून पाहिलं. दाजी नांगराचा फाळ ठोकत राहिले. तेव्हा ती म्हणाली, "हरण्याला काय झालं तर मी झुंबरसंगं बावड्याला जाईन. पुन्यांदा हितं पाऊल ठिवनार न्हाय." अक्का फुकाची धमकी देणारी नव्हे. सकाळी तिनं लुगडी बांधून गाठोडं केलं आणि शेताच्या बांधावर आणून ठेवलं, दाजींना दिसेल असं.

मी चाळीस गुंठे मोजून चारी कोपऱ्यांना काठ्या रोवल्या. उजाडायला औत चाललं. दाजी एरवी चालायचे त्यापेक्षा भराभर चालत होते. बघता बघता बांधावर माणसं जमली. सर्जेराव म्हणून एक टवाळ होता, तो नांगराचं प्रत्येक तास संपलं की "आलं का बर्लिन?" म्हणून ओरडायचा.

दुपार झाली. आमच्याकडं माणूस स्वतः उपाशी राहील, पण दुपारी औत सोडतो. आजूबाजूच्या रानांतली सगळी औतं सुटली. दाजींनी सोडलं नाही. बायका तोंडाला पदर लावून एकमेकींकडं बघायला लागल्या. हरण्याच्या तोंडाला फेस होता, मान जुवाखाली लाल झाली होती. अक्का गाठोड्याजवळ जाऊन उभी राहिली.

दिवस कलला तेव्हा हरण्यानं पुढचे पाय मुडपले आणि तो नांगराच्या तासातच बसला. दाजींनी आसूड उचलला. अक्कानं गाठोडं डोक्यावर घेतलं. आणि मी, तिचा सख्खा भाऊ, काय ओरडलो असेन? "उठवा दाजी, अजून अठरा गुंठं ऱ्हायलं!" त्या घडीला मला बैल दिसत नव्हता, बहीण दिसत नव्हती, फक्त काठ्यांमधलं रान दिसत होतं. याची लाज मला आजही वाटते.

आसूड वरच राहिला. दाजी हरण्याकडं बघत होते. मग कुणाला तरी सांगावं तसं म्हणाले, "त्यो म्हातारा बैल थांबला की औत सोडायचा. निम्मं रान पडल्यालं असायचं. मी त्याला मनात आळशी म्हनायचो." त्यांनी आसूड खाली टाकला आणि जू सोडलं.

"हारला की जर्मन!" सर्जेराव म्हणाला.

"एकर झाला," दाजी म्हणाले.

मला राहवेना. "बावीस गुंठं हायती, दाजी. माज्या साखळीनं मोजल्यात."

"तुज्या साखळीला बैल कुटं ठावं हाय?" जोडी सुटली की एकर पुरा, हे मास्तरांचं सांगणं त्यांना आता कळलं होतं. मला तेवढंही कळलं नव्हतं.

त्यांनी हरण्याला घमेल्यानं पाणी पाजलं, मानेवर ओल्या मातीचा लेप दिला. बऱ्याच वेळानं तो उठला, सावलीत जाऊन उभा राहिला आणि कडब्याला तोंड लावलं. तेव्हा दाजी बसले. नांगरलेल्या ढेकळांत, पाय पसरून, खुशाल बसले. बांधावरची माणसं हसायची थांबली. थोड्या वेळानं ते कलंडले आणि तिथंच त्यांचा डोळा लागला, उतरत्या उन्हात, तोंड उघडं टाकून.

अक्का डोक्यावर गाठोडं घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली. मग जवळ गेली, गाठोडं उतरवलं आणि दाजींचं डोकं उचलून त्याच्यावर टेकवलं.

मी खाली मान घालून साखळी गोळा करत होतो. तिच्या कड्या खळखळ वाजत होत्या.

"झुंबर," अक्का दबक्या आवाजात म्हणाली, "खाली ठिव ती साखळी. त्यान्ला झोप लागलीया."

मी ठेवली.