ध्रुवाच्या आड टाकी

दुर्बीण घेतली की तारे कमी दिसतात आणि किस्सेच जास्त साठतात! सावेडीत आमच्या गच्चीवर मी पत्र्याची वेधशाळा बांधली, तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी आहे. दर दहा मिनिटांनी वर जायचं, ढग बघायचे, चरफडत खाली यायचं.

*

छप्पर रुळांवरून सरकणारं हवं होतं. गेट बनवणाऱ्या भाऊसाहेबांनी माझं ड्रॉइंग दोनदा उलटसुलट पाहिलं.

"सायेब, छप्पर उघडंच ठेवायचं हाय, तर बसवता कशाला?"

काम मात्र चोख केलं. सवयीने छपराला कोयंडाही लावला!

*

उद्घाटनाला मी एका दमात छप्पर ढकललं. कुरकुर आवाज आला. वाटलं, चाकांना ग्रीस कमी पडलं. तर पुढच्या मोकळ्या रुळांवर बायकोने जुनी साडी ताणून बांधली होती आणि तिच्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या!

"दिवाळीपर्यंत एक धड फोटो दाखवा," ही म्हणाली. "नाहीतर ती खोली काढायची आणि तिथे सोलर बसवायचा."

ही बोलते ते करते. माझी झोपच उडाली.

*

फोटो हवा होता देवयानी दीर्घिकेचा. तारे सरकतात तशी दुर्बीणही सरकावी लागते, आणि त्यासाठी तिचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. आपल्याकडे ध्रुव खालीच, क्षितिजापासून हात लांब करून धरलेल्या वितीएवढा वर. नेमकी तिथेच शेजारच्या साळवे सरांची पाण्याची टाकी! दुसऱ्या रीती आहेत म्हणतात, पण मला एक जमेना. शेवटी अंदाजाने रोखून फोटो काढला. सगळे तारे लांबट.

हिने तो पाहिला. "शेवया छान झाल्यात!"

*

साळवे सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाला टाकी हलवा म्हणून सांगायचं कसं? दोनदा गेलो. दोन्ही वेळा चहा प्यालो, भंडारदऱ्याच्या पाण्यावर बोललो आणि परत आलो.

*

वसुबारसेच्या संध्याकाळी गच्चीवर गेलो, तर उत्तरेला मोकळं आभाळ! टाकी खाली सरांच्या अंगणात. मी धावतच खाली गेलो. सर नळाखाली बादली भरत होते.

"सर, हे काय?"

"तुमची मिसेस खोलीचं, टाकीच्या अडचणीचं सांगत होती." सरांनी नळ बंद केला. "चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, ध्रुव जागचा हलत नाही. मग हलणार कोण?"

आणि भरलेली बादली घेऊन ते जिना चढू लागले.