उमापूरच्या सुनेची मुलकी चौकशी

ती चौकशी मी अजून विसरलेलो नाही. निजामाचे राज्य होते आणि गेवराईचे ठाणे माझ्याकडे होते. हैदराबादेत डॉक्टरी शिकायला मुलकी, म्हणजे आपल्या राज्यातल्या, उमेदवारांना आधी जागा मिळे. उमापूरच्या एका तरुण विधवेने अर्ज केला होता. तिचे माहेर नगरकडे, इंग्रजी मुलखात. नवरा उमापूरचा, म्हणून तीही मुलकी; मात्र त्याच्यामागे ती सासरीच राहिलेली हवी होती.

एके सकाळी तिचा दीर ठाण्यावर आला. "भाऊ गेला तवाच वहिनी माहेरी गेली. गावात पाऊल न्हवतं तिचं, आता अर्जापुरती आलीया. ती मुलकी कशी?"

भावाच्या वाट्याची जमीन तो एकटा कसत होता, हे मला ठाऊक होते.

मी चावडीवर साक्षी घेतल्या. पाटलांपासून जो येई तो तेच सांगे, त्याच शब्दांत. इतके सारखे बोलणे शिकवलेले असते. पण उलट बोलणारा कोणी मिळेना, आणि अहवाल दुसऱ्याच दिवशी द्यायचा होता.

मी त्या बाईंना विचारले, "तुमच्या बाजूने कोणीच बोलणार नाही?"

"एक आहे. पण तिला विचारू नका, साहेब. मी शिकायला जाईन. तिला इथंच राहायचं आहे."

म्हणजे साक्षीदार घरातच होता.

मी दिराला पुन्हा बसवले. त्याच्या मानेवर मोठा व्रण होता.

"हे काय?"

"प्लेगची गाठ. गेल्या साली."

"जवळ कोण होते?"

"बायको."

मी त्याच्या बायकोला बोलावले आणि तेवढेच विचारले. तिने पदर सावरून नवऱ्याकडे पाहिले.

"सांग की, तू हुतीस," तो म्हणाला.

"मी न्हवते," ती खाली बघत म्हणाली. "लेकरू तानं हुतं, मला मळ्यात धाडलं हुतं. समदे पळाले. जाऊबाईच बसल्या हुत्या यांच्यापाशी. यांचे भाऊ गेल्यापासून त्या हितंच हायेत."

तो ताडकन उठला. माझ्या जमादाराने त्याचा हात धरला. मग पाटीलही खरे बोलले.

बाईंना प्रवेश मिळाला, त्या हैदराबादला गेल्या. खरे बोलणारी मात्र त्याच घरात, त्याच माणसाजवळ राहणार होती. साक्ष नोंदवली की आपले काम संपत नाही, हे मला तिथे कळले. तिला त्रास देणार नाही असा मुचलका मी दिराकडून लिहून घेतला आणि जमादाराला बजावले, "गस्तीवर आलात की या दारात हाक द्यायची. बाईचा आवाज ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही."

माझी बदली होईपर्यंत ती हाक चुकली नाही.